वर्गमुळाची चौकट

गणिताच्या बाई फळ्यावर एका फटकाऱ्यात वर्गमुळाचं चिन्ह काढायच्या. आता हेडमास्तरांचा हुकूम आला, प्रश्नपत्रिका टाइप करूनच हवी.

"हसऱ्या तोंडांची ढीगभर चित्रं आहेत यात, आणि वर्गमुळाला एक बटण नाही मेलं!" बाई कीबोर्डवर करवादल्या. कशीबशी चिन्हं सापडली, तर शाळेच्या कॉम्प्युटरने छापताना प्रत्येक चिन्हाच्या जागी रिकामी चौकट काढली. पोरांनी तीत मनाला येतील ते आकडे भरले. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"एवढ्याशा खुणेचं काय घेऊन बसलात?" हेडमास्तर म्हणाले.

पुढच्या प्रश्नपत्रिकेवर बाईंनी हेडमास्तरांच्या नावाच्या जागी चौकट ठेवली.

"पोरांनी तीत काय काय भरलंय, वाचलंत?" हेडमास्तर कडाडले.

"एवढ्याशा चौकटीचं काय घेऊन बसलात?" बाई म्हणाल्या.