पाटाची फळी

आपले सामर्थ्य चारचौघांत सिद्ध व्हावे अशी ओढ प्रत्येक गुणवंताला असते, आणि तीत गैर काही नाही. परंतु तेच सामर्थ्य आपल्या हातांनी झाकण्याचा प्रसंग आला असता ज्याचा हात थबकतो आणि तरीही माघारी येत नाही, त्याच्या ठायीच्या गुणाला समर्पण म्हणावे.

ओलेगारिओ बुस्तियो हा उत्तर स्पेनमधील अस्तुरियासच्या एका खाणगावातील फुटबॉलपटू. आठवडाभर कोळशाच्या खाणीत, रविवारी मैदानाच्या डाव्या कडेवर. कोरड्या भूमीवर त्याला गाठील असा बचावपटू त्या खोऱ्यात नव्हता. मैदानाची निगाही त्याच्याकडेच होती. दक्षिणेकडचा संघ येणार असला की आदल्या सायंकाळी नदीच्या पाटातली पाणी अडवणारी फळी उचलून मैदान भिजवायचे आणि पाहुण्यांना चिखलात लोळवायचे, ही गावाची जुनी रीत.

१९५२च्या मे महिन्यात दुसऱ्या श्रेणीत जाण्याचा निर्णायक सामना दक्षिणेतील आंदालुसियाच्या एका संघाशी ठरला. राजधानीतील एका मोठ्या संघाचा माणूस ओलेगारिओचा खेळ पाहण्यास येणार, असा निरोपही त्याच सुमारास आला. ओलेगारिओला अठ्ठावीस वर्षे पूर्ण झाली होती. असा माणूस पुन्हा येणार नव्हता.

शनिवारी गावचे औषधविक्रेते आणि संघाचे अध्यक्ष डॉन मार्सेलिनो मैदानावर आले.

"उद्यापुरतं कोरडं राहू द्या ना, डॉन मार्सेलिनो."

"कोरडं? त्यांची पोरं हरणासारखी पळतात."

"मीही पळतो."

"तू एकटा पळतोस, बाबा. बाकीचे दहा माझ्यासारखे आहेत." त्यांनी पोटावरून हात फिरवला. "फळी तुझ्या हातात आहे. मी काही इथे पहारा देत बसणार नाही."

घरी त्याच्या पत्नीने, बेनिग्नाने, पांढऱ्या घेवड्याचे कालवण वाढले.

"उचलू नकोस. लाकूड फुगलं म्हण, अडकली म्हण."

"मागच्या वेळी सहज निघालेली सगळ्यांनी पाहिलीय."

"मग राजधानीत तुझ्याऐवजी फळीलाच धाड."

"वर्षभर खाणीत दुसऱ्या श्रेणीवाचून दुसरं बोलणं नाही, बेनिग्ना. सोमवारी त्यांच्याच बरोबर खाणीच्या पिंजऱ्यात उभं राहून खाली उतरायचंय मला."

"राहा मग पिंजऱ्यातच," ती म्हणाली. पावाचा मोठा तुकडा मात्र त्याच्याच पुढे सरकवला.

दिवेलागणीला तो पाटावर गेला. फळीवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला. मग त्याने ती उचलली.

रविवारी पाहुणे घसरले, तसाच ओलेगारिओही घसरला. एकदा तर चेंडू चिखलात रुतून मागे राहिला आणि तो एकटाच कोपऱ्यातल्या निशाणापर्यंत धावत गेला. लोक हसले, तोही हसला. गाव एका गोलने जिंकले. राजधानीचा माणूस मध्यंतरातच बूट पुसून निघून गेला होता.

ओलेगारिओ दुसऱ्या श्रेणीत काही वर्षे खेळला. पुढे गुडघे थकले, तेव्हा खाणीत कामगारांचे दिवे भरून देण्याचे काम त्याने पत्करले. त्या सामन्याविषयी कोणी विचारलेच, तर "मैदान जड होतं," एवढेच तो सांगे.

आता तो नाही, खाणही बंद आहे. पाट वाहतो आहे, आणि धरण्याच्या जागी झिजलेली ती फळी अजून त्यात बसवलेली आहे.