आक्काची पत्र्याखालची झोप

दाजींचा फोन आला तेव्हा मी सोलापूरला स्वयंपाकघरात मेथी निवडत होते. "निर्मला, तुझी आक्का गेली," ते म्हणाले, आणि मी तोंड उघडायच्या आत, "लवकर ये. पोरं खड्डा खणायला निघालीत." आक्का गेली हेच मला पेलेना, त्यात हा माणूस खड्ड्याचं काय घेऊन बसलाय, म्हणून मी चक्क चिडले. आम्ही लिंगायत. आमच्यात पुरण्याची रीत आहे, खड्डा तर खणणारच! पण गाडी जळकोटच्या पुढं गेली, आमच्या माहेरच्या गावाचा फाटा दिसला, आणि दाजी काय म्हणत होते ते कळलं. ड्रायव्हरला म्हटलं, जरा जोरात घे बाबा... आज दीड महिना झाला तरी जीव थाऱ्यावर नाही. हातात घेतलेलं काम धड होत नाही. म्हणून लिहायला बसले आहे.

बहात्तरच्या दुष्काळात त्याच फाट्यापलीकडं पाझर तलावाचं काम निघालं होतं. गडी मुरूम खोदायचे, बाया-पोरी पाट्या वाहायच्या. मी शाळेत होते म्हणून सुटले. आक्का आणि तिची मैत्रीण सुशीला कामावर जायच्या. माळावर झाड नाही. सावली म्हणाल तर खोदून उभ्या राहिलेल्या दरडीची. खोदायला सोपं जावं म्हणून ती दरड खालून पोखरलेली. दुपारी दोघी तिच्या पोटाशी भाकरी खायला बसल्या आणि वरचा सगळा भार खाली आला. आक्काचा एक हात बाहेर राहिला होता, म्हणून ती सापडली. सुशीला सापडली तेव्हा उशीर झाला होता. आईनं आक्काचं डोकं धुतलं ते मला आठवतं. तांब्यामागून तांबे ओतले तरी केसांतून गढूळ पाणीच येत होतं. लोक म्हणाले, पोर वाचली, नशीब. आठवडाभरात आक्का पुन्हा पाटी घेऊन कामावर गेली, तेव्हा ती वाचली असंच आम्हीही धरून चाललो.

तिचं लग्न उमरग्याकडच्या चांगल्या घरात झालं. दाजींच्या घराला मोठं माळवद होतं. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते, माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर फळ्या आणि त्यावर हात-दोन हात माती. उन्हाळ्यात गारवा असा की पाहुणा उठायचं नाव घेत नाही. पण वर कुणी चाललं, नाही तर उंदीर पळाला, तरी फटीतून चिमूटभर माती खाली झिरपते. ती पहिल्यांदा आक्काच्या ताटात पडली आणि ती ताट टाकून अंगणात पळाली. मग रोजच. पाठ भिंतीला टेकेना, घरात झोप येईना. सासूबाईंनी बाहेरचं लागलंय म्हणून देवऋषी केला, धुऱ्या दिल्या. धुरानं कोंडल्यावर तर ती आणखीच बिथरली. शेवटी तिला माहेरी आणून सोडलं. "तुमच्या येडीला तुमीच सांभाळा," असं दारात उभं राहून सांगितलं गेलं. अण्णा, म्हणजे आमचे वडील, महिनाभर कुणाशी बोलले नाहीत. टाकलेली पोरगी म्हणजे काय, हे त्या काळात राहिलेल्यांना सांगायला नको.

आणि मग एक दिवस दाजी एसटीनं आले. चहाला हात न लावता म्हणाले, "मामा, गावात दुधाची सोसायटी निघालीय. दूध घ्यायचं काम म्या धरलंय. सोसायटीच्या मागं एक खोली हाय, तिथं राहतो आमी."

"घरचं एवढं मोठं माळवद सोडून?" अण्णा म्हणाले.

"खोलीवर पत्रा हाय."

आतून आक्काचा आवाज आला, "वर माती न्हाई ना?"

"न्हाई. नुस्ता पत्रा. उन्हाळ्यात भाजून निघशील."

"निघू दे," आक्का म्हणाली आणि तिथंच पिशवी भरायला लागली.

एवढ्या मोठ्या माळवदाच्या घरातलं पोरगं पत्र्याखाली राहून लोकांच्या दुधाची मापं घालतंय म्हणून भावकीनं दाजींची कमी टर उडवली नाही. मीही चिडवायचे, "दाजी, तुम्ही आक्काला नाही, पत्र्याला भुललात!" ते हसायचे. मे महिन्यात त्या खोलीत मला तासभर बसवत नसे. आक्का मात्र तिथं गाढ झोपायची.

पुढं किल्लारीचा भूकंप झाला, गावोगाव माळवदं खाली आली, आणि सगळा मुलूख पत्र्याच्या शेडमध्ये झोपायला लागला. तेव्हा ज्यांनी तिला येडी ठरवलं होतं तेच म्हणू लागले, हिला आधीच कळलं होतं, हिच्या अंगात देवी आहे. एक बाई ओटी घेऊन आली तेव्हा आक्का कडाडली, "मला काय कळलं न्हवतं! माझ्यावर तर ते रोजच पडत हुतं."

हे वाक्य मी सोलापूरच्या मानसोपचारतज्ज्ञांना सांगितलं. आक्काचा मुलगा महेश औषधाचं दुकान चालवतो, त्यानंच हट्टानं तिला तिथं आणलं होतं. डॉक्टर म्हणाले, "अगदी नेमकं बोलल्यात त्या." मोठा आघात झालेल्या माणसांच्या मेंदूचे फोटो काढले, तर धोक्याची हाक देणारा भाग पुष्कळांत जास्त जागृत दिसतो, आणि 'अरे, ते जुनं झालं, आता काही नाही' असं समजावणारा पुढचा भाग ढिला पडलेला असतो. म्हणून जुनी गोष्ट आठवत नाही, ती पुन्हा घडते. हे इतकी वर्षं कुणी सांगितलं का नाही? कुठं ते धुराचे लोट आणि कुठं हे... मला तिथंच रडू फुटलं. डोकेदुखीसाठी एमआरआय करावा असंही ठरलं होतं. पण त्या यंत्राचं बोगद्यासारखं तोंड बघून आक्का उलट्या पावली फिरली. डॉक्टर भले, हसून म्हणाले, राहू द्या.

आक्का गेली त्या दिवशी मी पोचले तेव्हा अंगणात वाद पेटला होता. दाजी सांगत होते, पुरायचं नाही, दहन करायचं. भावकी म्हणत होती, "आपल्यात जाळत न्हाईत." आक्कानं स्वतः कधी काही सांगितलं नव्हतं, हीच तर पंचाईत. महेश बापाला समजावत होता, "आप्पा, डॉक्टरच म्हणाले हुते की, भीती मेंदूत असती. आता मेंदूच थांबलाय. आईला आता कसली भीती?" मुद्दा बिनतोड होता. मी शाळेत विज्ञान शिकवलेली बाई, मलाही तो पटला.

"तिचा थांबला रे," दाजी म्हणाले, "माझा चालू हाय. तिच्या अंगावर माती पडाय लागली की मला ती हात वर करताना दिसंल. मरस्तोवर दिसंल."

विधी करायला आलेले स्वामी उठले आणि म्हणाले, घरधनी म्हणतील तसं. लाकडं आणायला माणसं पाठवली.

गेल्या आठवड्यात दाजी माझ्याकडं आले होते. माझं घर स्लॅबचं, पक्कं. त्यांनी उंबऱ्यातून छताकडं एकदा बघून घेतलं, खुर्ची ओढून दाराच्या तोंडाशी नेली आणि तिथं बसले. मी म्हटलं, "दाजी, आत बसा की, पंखा लावते."

"व्हय, व्हय," म्हणाले, आणि तिथंच बसून राहिले.