पानाबाईच्या लेकीची चौथी

मंगरूळपीरचे किराणा दुकानदार भागचंद यांची बायको पानाबाई उवा मारत नसे. नखावर ऊ चिरडणं म्हणजे जीवहत्या. फणीत आलेली ऊ ती कापसाच्या बोळ्यावर घेऊन कुंपणापाशी सोडून यायची. शेजारची विमलबाई हसायची, "अवो, त्यायले सासरी पोचवून राह्यल्या का माहेरी? उद्या येतीन ना पोरीच्या डोक्यात वापस!"

सत्तर सालच्या सुमारास भागचंदांनी तुरीला लावायची डीडीटी पावडर आणली.

"यानं किडे मरते काय?" पानाबाईनं विचारलं.

"पळून जाते," गिऱ्हाइकाच्या घाईत ते म्हणाले.

पळून जाते! मग पाप कायचं? दर रविवारी सात वर्षांच्या लेकीच्या, तारामतीच्या केसांत पावडर चोळायची, वरून फडकं बांधायचं.

"आई, नाकात जाते वं!"

"गुमान बस."

पाहता पाहता तारामती वर्गात सगळ्यांहून उंच झाली. चौथीत होती, नऊही पुरी नव्हती, तेव्हा एका दुपारी शाळेतून रडत आली. "आई, मले कुठं लागलं? रक्त येऊन राह्यलं."

पोर शहाणी झाली की शाळा बंद, ही त्या घरची रीत.

"बाहुली घेऊन झोपते ते अजून," विमलबाई भांडली. "शाळा काहून तोडता?"

"अंग पाह्यलं काय तिचं?"

"अंगाले काय अक्कल असते? वय पाहा ना बाई!"

"आई, परीक्षा तं देऊ दे," तारामती म्हणाली.

"नाही."

अशा औषधांतली द्रव्यं शरीराच्या आतल्या घड्याळात ढवळाढवळ करतात, हा संशय पुढे कितीतरी वर्षांनी शास्त्रज्ञांनी बोलून दाखवला. तारामतीचं त्यानंच झालं, असं छातीठोक कुणी सांगू शकत नाही. पानाबाईला तर तेव्हा संशयही आला नाही.

लवकर शहाणी झालेल्या पोरीची उंचीही लवकर खुंटते; तारामतीची वाढच थांबली. मैत्रिणी उंच होत गेल्या, ही तिथंच. तीन वर्षांनी वाशीमहून प्रेमाबाई मुलासाठी पोरगी पाहायला आल्या. चहा पिऊन म्हणाल्या, "आमी सून पाह्यले आलो होतो बाई, नात नाही."

त्या गेल्यावर पानाबाई तडक शाळेच्या शेषराव मास्तरांकडे गेली. "पाठवा, बसवतो चौथीत," मास्तर म्हणाले. ती धावतच घरी आली.

तारामती तूर निवडत होती. "माह्या संगच्या सातवीत गेल्या. मी लेकरांत बसू?"

"तू तं तेवढीच दिसते, बाई."

तारामतीचे हात थांबले. "तवा मोठी दिसत होती म्हणून काढलं. आता लहान दिसते म्हणून धाडून राह्यली. मी हाय तेवढी तुले कवा दिसली वं?"

शाळेत ती गेली नाही. पानाबाईनं मास्तरांना तसा निरोप धाडला. त्यानंतर दुकानात दप्तरवाली पोर आली की पानाबाई विचारायची, "कितवीत हायेस?" आणि उत्तर यायच्या आधीच आत निघून जायची.