पातळ तारेचा गळ

रोज सकाळी कॉफीचा शेवटचा घोट उरला की मिस व्हर्लीन ओसरीच्या पायरीवर बसायची, एप्रनच्या खिशातून मासेमारीचा एक गळ काढायची आणि त्याचं टोक डाव्या अंगठ्याच्या नखावरून हलकेच ओढायची. टोक नखावर घसरलं तर गळ बोथट, अडकलं तर धारदार. बोथट निघाला तर ती कानस घ्यायची, धारदार निघाला तर नुसतं ‘हं’ म्हणायची आणि थंड झालेली कॉफी जिरेनियमच्या कुंडीत ओतायची. त्या नखावर बारीक पांढऱ्या रेघांचं जाळं झालं होतं. चर्चला जाताना ती नखं लाल रंगवायची ती केवळ हे जाळं झाकायला, असं तिची नणंद रूबी नेल सांगत असे.

मी तिच्या समोरच्या घरात वाढले. आमच्या गावातल्या जवळजवळ सगळ्यांनी शाळेच्या स्वयंपाकघरात तिच्या हातचा मक्याचा पाव खाल्लेला. ती निवृत्त झाली तरी लोक रस्त्यात तिच्यासमोर आले की नकळत रांगेत उभं राहिल्यासारखे थांबत. ‘मिस’ आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही आदराने म्हणतात; तिचा नवरा हॉयट जाऊन काही वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. तलाव होता. पूर्व टेक्सासातल्या आमच्या पाइनच्या रानात धरण बांधून पाणी अडवलं तेव्हा कोणी झाडं तोडली नाहीत, त्यामुळे ती अजून पाण्यात उभी आहेत, पांढरी, निष्पर्ण. त्यांच्या बुंध्यांशी आणि पाणगवतात बास मासा दबा धरून बसतो.

शनिवारी सकाळी तिच्या ओसरीवर कोणी ना कोणी येऊन बसलेलं असायचं. आपापली रबरी आमिषं घेऊन यायचे लोक: लांब शेपटीचे किडे, पंजे असलेले खेकडे, लसणाच्या नाहीतर बडीशेपेच्या वासाचे. कोणत्या आमिषाला कोणता गळ, एवढंच विचारायचं असे. मिस व्हर्लीन आमिष चिमटीत धरून दाबून बघायची आणि मग गळ काढून द्यायची. गळ आमिषाच्या डोक्यातून आत घालायचा, लगेच खालून बाहेर काढायचा, उलटा फिरवायचा आणि टोक पुन्हा त्याच्या पोटात लपवायचं, म्हणजे गवतात, फांद्यांत कुठे अडकत नाही. हे सगळ्यांनाच येत असे. चूक व्हायची ती गळाच्या पोटात, म्हणजे त्याच्या वाकाच्या रुंदीत. जाडजूड आमिषाला अरुंद वाकाचा गळ लावायचे लोक.

“मासा चावला की रबराला बाजूला सरकायला जागा नको का?” ती म्हणायची. “नाहीतर रबराचा गोळा होतो, टोक गोळ्यातच राहतं, आणि मासा थुंकून देतो. माझ्या दिराला लग्नातला कोट आता बसतो का? तसंच आहे ते.”

तिचा दीर, म्हणजे हॉयटचा भाऊ, बहुधा तिथेच बसलेला असे.

स्वतः मात्र ती एकच गळ वापरायची. जाड तारेचा, रुंद पोटाचा, भरभक्कम. त्याला विणलेली न ताणणारी दोरी आणि काठी झाडूच्या दांड्यासारखी ताठ. जाड तार माशाच्या जबड्यात रुतवायची तर जोर लागतो, आणि तिचा झटका तलावाच्या दोन्ही काठांवर प्रसिद्ध होता. मासा चावला असं वाटलं की ती उठून उभीच राहायची आणि काठी अशी मागे खेचायची की होडी हलायची. एकदा मासा पाण्यातून उडून थेट हॉयटच्या छातीवर आदळला होता. हॉयटने ती गोष्ट चर्चच्या प्रत्येक जेवणात सांगितली, आणि प्रत्येक वेळी मासा थोडा मोठा होत गेला.

दर एप्रिलमध्ये तलावावर बायकांच्या जोड्यांची स्पर्धा असते. व्हर्लीन आणि रूबी नेल ही जोडी किती वर्षांची, ते त्या दोघींनाही आठवत नव्हतं. होडी रूबी नेलची. पुढची जागा तिची, मागची भावजयीची. दिवसभर पुढून टोमणे जात, मागून उत्तरं येत, आणि मधे मासे लागत. हॉयट गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षीही त्या गेल्या होत्या. त्या दिवशी कोणी काही बोललं नाही, असं रूबी नेल सांगते, आणि तिला तेवढंच नकोसं झालं होतं.

मग एका हिवाळ्यात व्हर्लीनच्या उजव्या अंगठ्याच्या सांध्याची शस्त्रक्रिया झाली. भाजी चिरता येईल, शिवता येईल, पण झटका द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. तिने मान हलवली आणि वसंत लागताच तलावावर जाऊन झटका दिला. अंगठ्यातून खांद्यापर्यंत कळ गेली. झटका निम्माच पडला, जाड गळ नुसता टोचला, आणि माशाने उडी मारून तो झटकून टाकला. पुढच्या आठवड्यात तेच. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच.

रूबी नेलच्या सासरकडे केंडल नावाची पुतणी आहे, विशीतली, चपळ, हातात जोर असलेली. यंदा स्पर्धेत जोडीला येतेस का, असं रूबी नेलने तिला विचारून ठेवलं होतं. हे तिने भावजयीपासून लपवलं नाही. एका दुपारी तिच्याच स्वयंपाकघरात, पीचचं सारण भरून भाजलेला गोड पाय खाता खाता सांगून टाकलं. अजून पक्कं केलेलं नाही, असंही सांगितलं. स्पर्धेसाठी नावं रविवारी चर्च सुटल्यावर द्यायची होती.

व्हर्लीनने तिच्या बशीत पायचा आणखी एक तुकडा वाढला. मग म्हणाली, “शनिवार माझा. शनिवारी मी मासे पकडले नाहीत तर पोरीला घे. मी काठावर बसून तुम्हा दोघींना नावं ठेवीन.”

“ती तू होडीत बसूनही ठेवतेस,” रूबी नेल म्हणाली. पण पायचा तो तुकडा तिला संपवता आला नाही.

तो आठवडा व्हर्लीनने गाडीच्या शेडमध्ये काढला. मला बोलावून तिने भट्टीतून भांडी काढायचा जाड हातमोजा माझ्या हातात दिला. तो माशाचा जबडा. मी मोज्याच्या चिमटीत आमिष धरायचं आणि तिने दुरून दोरी ओढायची, झटका न देता, एकसारखी, रीळ फिरवत. जाड गळ मोज्याच्या कापडावर घसरत राहिला, शिरला नाही. कितीही वेळा केलं तरी नाही. ती काठी भिंतीला टेकवून उभी राहिली. मग आत जाऊन हॉयटची मासेमारीची पेटी घेऊन आली. तो गेल्यापासून ती उघडलेली नव्हती.

हॉयट पातळ तारेचे गळ वापरायचा. झटका द्यायचा नाही, नुसता काठी बाजूला नेत रीळ फिरवायचा. ‘तळ्याकाठच्या पोरांचे गळ’ म्हणून तिने जन्मभर त्याची टर उडवली होती. आता तिने त्यातला एक काढला, नखावरून ओढला. टोक अडकलं. तिचं नेहमीचं पंजेवालं जाड आमिष त्याच्या वाकात मावेना, तेव्हा हॉयटच्याच पेटीतला सडपातळ किडा लावला. पहिल्याच ओढीला गळ मोज्यातून आरपार गेला. माझं बोट थोडक्यात वाचलं.

“बघ,” ती पेटीकडे बघून म्हणाली. माझ्याशी बोलत नव्हती.

शनिवारी मीही होडीत होते, मधे, जाळी धरायला. डॉगवुडची झाडं फुलली होती, पाण्यावर पाइनचे पिवळे पराग पसरले होते आणि होडी गेली तिथे मागे काळी वाट उरत होती. रूबी नेल पुढून एकही टोमणा मारत नव्हती, यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते कळत होतं.

व्हर्लीनने गळ बदलला होता, किडा बदलला होता. काठी आणि दोरी मात्र जुनीच आणली होती, तीच ताठ काठी, तीच विणलेली दोरी. सगळंच काही हॉयटचं वापरायचं नाही, असं तिचं म्हणणं. बुडालेल्या सायप्रसच्या बुंध्याशी किडा बुडाला, दोरी टचकन हलली, आणि मिस व्हर्लीन उठून उभी राहिली. सगळं आयुष्य त्या उठण्यात होतं. अंगठा दुखत असूनही झटका बसला. दोरी ताणली नाही, काठी वाकली नाही, आणि दुसऱ्या टोकाला मोठा मासा होता. क्षणभर त्याची हिरवी कूस दिसली. मग दोरी सैल पडली.

तिने ती आत ओढून घेतली. सगळा जोर एकट्या पातळ तारेवर आला होता; गळ सुईसारखा सरळ झाला होता.

रूबी नेल पुढून मागे आली. तिने तो सरळ झालेला गळ बघितला, भावजयीकडे बघितलं, आणि स्वतःची एक मऊ काठी, पातळ दोरीची, तिच्या मांडीवर ठेवली.

“पुढचा चावला की बसून राहा,” ती म्हणाली, “आणि जेवणाआधीची प्रार्थना म्हण. मग रीळ फिरव.”

“कुठली प्रार्थना?”

“छोटी. पाद्रीबुवांची म्हणत बसलीस तर मासा जेवून, पचवून घरी जाईल.”

बराच वेळ काही चावलं नाही. ऊन वर आलं, सँडविचं खाऊन झाली. मग दोरी पुन्हा हलली. व्हर्लीनचे गुडघे उठायला निघाले, मी पाहिले. तिने ते एकमेकांवर दाबून धरले. डोळे मिटले आणि मोठ्याने, जणू समोर शाळेतली दोनशे पोरं ताटं घेऊन उभी आहेत अशा आवाजात म्हणाली, “प्रभू, या अन्नाबद्दल आणि वाढणाऱ्या हातांबद्दल तुझे आभार, आमेन.” काठी हळूहळू वाकत गेली होती. तिने ती बाजूला नेली आणि रीळ फिरवायला लागली. एकसारखी, सावकाश, कणीक मळावी तशी.

मी जाळी घातली. गळ माशाच्या ओठाच्या कोपऱ्यात नीट बसला होता.

दुपारपर्यंत ती प्रार्थना आणखी बऱ्याचदा झाली. एकदा पुढून रूबी नेलच्या दोरीला मासा लागला तेव्हाही व्हर्लीननेच ती म्हटली, सवयीने. मासे पाण्यात सोडून आम्ही धक्क्याला लागलो. व्हर्लीन आमिषांच्या पिशव्या वासांप्रमाणे वेगळ्या करत होती, आणि रूबी नेल पाठमोरी होऊन फोनवर केंडलला सांगत होती की बाळ, यंदा राहू दे. आपल्याला ते ऐकू आलं नाही, असं व्हर्लीन आजही सांगते.

स्पर्धेत त्या दोघी सातव्या आल्या. केंडल दुसऱ्या मुलीबरोबर उतरली आणि पहिली आली. वजनकाट्याशी तिने येऊन मिस व्हर्लीनला मिठी मारली, आणि लसणाच्या वासाच्या जाड रबरी सरड्याला कुठला गळ लावावा ते विचारलं. व्हर्लीनने सरडा चिमटीत दाबून बघितला. मागच्या रांगेत हॉयटचा भाऊ आपला कोट अजून बसतो असं कोणाला तरी पटवून देत होता.

मी ऑगस्टमध्ये शिकवायला दुसऱ्या शहरात गेले. निघायच्या दिवशी सकाळी धक्क्यावर निरोप घ्यायला थांबले. होडी पाण्यात होती. रूबी नेल पुढे मोटर लावत होती, व्हर्लीन मागे बसली होती, पायांशी कसलीशी खोकी. मला वाटलं, काहीतरी सांगेल, जपून राहा, पत्र लिही. तिने मला हात केला, खरा, पण बोलली नणंदेशी.

“रूबी नेल, तुझी ही बर्फाची पेटी पुढे घे गं जरा. पाय कुठे ठेवू मी?”