तीन-तीन डोळ्यांचे तुकडे

आधी हातातली कपबशी खाली ठेवा बघू. हो, ठेवाच! मागच्या खेपेला ही हकिकत सांगताना एका पाहुण्याला असा ठसका लागला, की त्याच्या घोटातला निम्मा चहा माझ्या नव्या सदऱ्यावर आला. माणसाच्या हातून चुका होतात, मान्य. पण मी बारामतीच्या पेठेत बसून जो घोटाळा घातला, त्याला नुसती चूक म्हणणं म्हणजे चुकीचा अपमान आहे!

तीस-पस्तीस सालच्या सुमाराची गोष्ट. आमचं घर शिंप्याचं, पण मी सोळा वर्षांचा झालो आणि थोरल्या भावानं, म्हणजे दादांनी, मला सोलापूरला गिरणीत नेऊन घातलं. दहा वर्षं कापूस नाकातोंडात गेला. खोकून खोकून छातीचा भाता झाला. शेवटी एक दिवस बायकोला घेऊन बारामतीला परत आलो आणि एका गूळव्यापाऱ्याच्या ओट्यावर शिवणयंत्र मांडलं.

नुसतं शिवणयंत्र नाही हं! सोबत आणखी एक यंत्र होतं. हाताएवढं, बिडाचं, वर दांडा. दांडा दाबला की कापडाला भोक पडायचं आणि त्या भोकाला पितळेची बारीक कडी घट्ट बसायची. मग त्या भोकातून दोरी ओवा आणि कितीही ओढा, कापड फाटायचं नाव नाही! साहेबांच्या बुटाला तीच, लॉरीवरच्या ताडपत्रीला तीच, सर्कशीच्या तंबूला तीच. गिरणीत माझा एक सोबती होता, मुंबईच्या गोदीत राबलेला. तो सांगायचा, गलबताच्या शिडाच्या काठालाही अशाच कड्या असतात, नाहीतर पहिल्या वाऱ्याला शिडाच्या चिंध्या व्हायच्या. मला ते इतकं पटलं, की मी येईल त्याला ऐकवायचो, "सुईला नेढं, कुऱ्हाडीला नेढं, बुटाला कडी! अहो, जगाचा सगळा कारभार भोकावर चाललाय!"

बारामतीच्या जगाचा कारभार मात्र माझ्या भोकांवाचून व्यवस्थित चालला होता. महिनाभरात एक गिऱ्हाईक नाही. हात शिवशिवायचे, म्हणून मी घरातच सुरुवात केली. बायकोच्या बटव्याला, माझ्या टोपीला (हवा लागावी म्हणून), छत्रीला, गोधडीला. गोधडी खुंटीला टांगता येते की! आमची मंडळी एक दिवस म्हणाली, "आता भाकरीला तेवढी ऱ्हायल्यात भोकं." खरं सांगू? मी क्षणभर विचार केला.

दादांनी मात्र हसण्यावारी नेलं नाही. संक्रांतीला आले तेव्हा बजावून गेले, "पाडव्यापर्यंत वाट बघतो. ते तुझं यंत्र चाललं तर ठीक. नाहीतर बिऱ्हाड उचलायचं आणि माझ्याबरोबर गिरणीत." मला गिरणीत जायचं नव्हतं हो! तिथं माझा जीव घुसमटायचा. बारामतीत राहावं, उघड्या ओट्यावर बसावं, एवढंच माझं मागणं होतं.

मग मी पाटी रंगवली. आणि इथंच माझी मती फिरली. त्या कडीला इंग्रजीत आयलेट म्हणतात. आता पेठेत आयलेट कोण वाचणार? आय म्हणजे डोळा, एवढं इंग्रजी मला येत होतं. मी झोकात लिहिलं, 'येथे नव्या पद्धतीचे टिकाऊ डोळे मिळतील.'

दुसऱ्याच दिवशी कऱ्हा नदीपलीकडून एक म्हातारी मोतीबिंदू घेऊन आली. "टिकाऊ हायती म्हंतोस, तर दोन्ही बसवून टाक बाबा," म्हणाली. माझी समजूत घालून थकली बिचारी. हो, तिनं माझी समजूत घातली, की गरिबाला नाही म्हणू नये! त्या दिवशी पाटी उतरवली असती तर पुढचं काहीच झालं नसतं.

बाजारच्या दिवशी आबा आले. इंदापूरच्या वाटेवर लासुर्ण्याकडचे बागाईतदार. पांढरा पटका, हातात काठी. पाटी त्यांनी एकेका अक्षरावर काठी ठेवत दोनदा वाचली.

"शेटजी, डोळं तुमच्यापाशीच मिळत्यात न्हवं?"

शेटजी! मला आजवर शिंपीदादासुद्धा कुणी धड म्हटलं नव्हतं. माझी छाती फुगली, आणि ती फुगली की डोकं चालत नाही, असं माझं आहे.

"मिळतात की! या आबा, बसा."

"माल कसा हाय? डोळा दबल्याला न्हाय ना?"

"दबलेला? अहो, एक दबका निघाला तर दहा बदलून देईन."

"उंदीर? वाळवी?"

"उंदराचे दात पडतील!"

"आन पानी लागल्यावर? मागल्या साली माझं निम्मं कुजून ग्येलं."

मला वाटलं, ताडपत्री कुजली असणार. म्हटलं, "आबा, वर्षभर पाण्यात ठेवा. काही होत नाही."

आबांनी डोळे मोठे केले. "जात कंची म्हनायची?"

"जात? पितळी! अस्सल पितळी. मुंबईहून येते."

"पितळी! न्यारीच दिसती. आन डोळा उघडतो किती दिसांत?"

"उघडायचा कशाला? उघडाच येतो!"

"आदीच उघडल्याला?" आबांनी मांडीवर थाप मारली. "मंग पंधरा दिस वाचलं की वो! असं करा, नमुन्याला दोनशे तुकडं द्या. हातभर लांबीचं, तीन-तीन डोळ्यांचं. गुन आला तर फुडं सगळं तुमच्याकडनंच."

"पण कशासाठी हवेत ते?"

"कशासाठी म्हंजी? लावायला!"

लावायला! आता कापडाचा तुकडा माणूस कशाला ना कशाला लावणारच. मी मान डोलावली. आबा उठता उठता म्हणाले, "शुक्रवारी पाटाच्या पान्याची पाळी हाय. त्या टायमाला माल हजर पायजे. पाळी हुकली तर समदं हुकलं."

तुमच्यातल्या बागाईतदारांना हसू फुटलंय, ते मला दिसतंय. बाकीच्यांनी जरा धीर धरा. एक सांगतो, त्या अख्ख्या बोलण्यात आबांनी तो एक शब्द काढलाच नाही! त्या भागात दुसरं पीक कुणाच्या मनातच येत नाही, तर नाव कशाला घेतील? घरातल्या माणसाचं नाव आपण सारखं घेतो का?

तीन दिवस आम्ही नवरा-बायको खपलो. तिनं जाड कापड कापलं, मी काठ दुमडून शिवले, आणि खटॅक, खटॅक, सहाशे डोळे बसवले. ती मधेच विचारायची, "अवो, पन हे लावायचं कशाला?"

"गिऱ्हाईकाला असले प्रश्न विचारायचे नसतात!"

वर दादांना कार्डही टाकलं. 'मोठी मागणी आली. पाडव्याला न्यायला नको, फक्त पुरणपोळी खायला या.' घाई बघा माझी!

शुक्रवारी एका बैलगाडीत गठ्ठा मांडीवर घेऊन लासुर्ण्याकडे निघालो. आबांच्या रानात पोचतो तर काय, जत्रा! आबांनी पाच गावांत सांगून ठेवलं होतं, की मुंबईची पितळी जात येतेय, कुजत नाही, वाळवी लागत नाही, आणि डोळे उघडूनच येतात. लोक गाड्या जुंपून बघायला आले होते. बायका काष्टा खोचून तयार. सऱ्या पाडलेल्या, पाटाचं पाणी तोंडाशी येऊन थांबलेलं. आबांच्या मालकिणीनं, त्यांना सगळे काकी म्हणत, माझ्या गठ्ठ्याला हळदकुंकू वाहिलं. कुणीतरी नारळ फोडला. कापडाच्या तुकड्यांची एवढी पूजा? मला वाटलं, हौशी माणसं आहेत!

आबांनी गठ्ठा सोडला.

सगळं रान पुढं वाकलं. आबांनी एक तुकडा उचलला, उलटा केला, सुलटा केला, नाकाला लावून वास घेतला.

"शेटजी, ह्यो काय परकार?"

"तीन-तीन डोळ्यांचे तुकडे. बरोबर दोनशे आहेत."

"आन ऊस कुठाय?"

"कुठला ऊस?"

आबांनी बांधावरचं एक कांडं उचलून माझ्या तोंडासमोर धरलं. त्याच्या पेरापाशी हरभऱ्याएवढा एक कोंब होता. "ह्यो डोळा! तीन डोळ्यांचा तुकडा त्वाडायचा, सरीत लावायचा, त्यातनं ऊस उगवतो. बेणं मागितलं हुतं म्या, बेणं!"

मला ऊस म्हणजे चावायचा आणि थुंकायचा, इतकाच ठाऊक! त्यालाही डोळे असतात हे माझ्या बापजन्मात कुणी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात एक बाई खणखणीत आवाजात म्हणाली, "आबा, आनलंयच तर लावून बगा की! धोतरं उगवत्याली!" आणि जी हसली ना पाच गावं! माणसं बांधावर लोळायची बाकी राहिली. हसले नाहीत ते फक्त आबा. ते लाल झाले होते.

"पानी दारात हुबं हाय! आज लावलं न्हाय तर पाळी ग्येली. आता काय लावू रं सरीत, तुझं डोस्कं?"

शेटजीचा 'रं' झाला, त्याचं मला वाईट वाटलं नाही. पण त्यांचं रान मोकळं राहणार, ते माझ्यामुळं, ह्याची फार लाज वाटली. खोटं कशाला बोलू, रडू यायचं बाकी होतं. डोळ्यांपुढं पाडवा आला, दादा आले, गिरणीचा भोंगा ऐकू यायला लागला.

तेव्हा काकी पुढं आल्या. "वरडून काय हुनार? बेणं म्या कालच आपल्या फडातलं त्वाडून ठिवलंय. छपरामागं ढीग हाय. आजची लागण त्यात भागंल."

आबा चाट! "मला बोलली न्हाईस ती?"

"तुमी ऐकत हुता व्हय? पितळी पितळी करत गावभर फिरत हुता. शिंप्याच्या ओट्यावर बेणं मिळतंय म्हनल्यावर मी काय गप बसंन?"

लागण सुरू झाली. जो तो कामाला लागला आणि मला कुणी जा म्हणेना, ये म्हणेना. परतीची गाडी दिवस कलल्यावर. मी आपला गठ्ठा घेऊन बेणं वाहणाऱ्या गाडीला जुंपलेल्या बैलांपाशी बसलो. बसल्या बसल्या दिसलं, की बैलाच्या गळ्याखालून जुवाला बांधतात ती दोरी काचून त्याची कातडी सोललीय. माश्या बसत होत्या. मला त्या मुक्या जिवाची दया आली. म्हटलं, आपले तुकडे तसेही वायाच गेलेत. एक उचलला, दोरीच्या जागी त्याच्या गळ्याखाली घेतला, कड्यांतून सुतळी ओवली आणि जुवाला बांधला. रुंद, मऊ कापड. बैलानं मान हलवली आणि शांत उभा राहिला.

काकी बेणं न्यायला आल्या होत्या, त्या बघतच राहिल्या. "त्या दुसऱ्याला बी बांद की. पन त्यो दांडगा हाय, पुरंल का?"

"पुरेल काकी. ह्याला पहिल्या डोळ्यात बांधलं, त्याला तिसऱ्यात बांधू."

माझ्याच तोंडून ते निघालं आणि मीच चपापलो. लहान बैलाला पहिला डोळा, मोठ्याला तिसरा! मापाचा प्रश्नच नाही! काकींनी आबांना हाक मारली. आबा चिखलाच्या पायांनी आले. त्यांनी तो पट्टा धरला आणि सगळ्या जोरानं ओढला. मग आणखी एकदा.

"फाटत कसं न्हाय वो मास्तर?"

'वो' परत आला! मला इतका आनंद झाला, की कडी कशी बसते, भोक का फाटत नाही, शिडाला काय, तंबूला काय, सगळं मी तिथंच उभ्या उभ्या सांगून टाकलं. आणि या खेपेला लोकांनी ऐकलं. पाच गावांची माणसं होती ना, आणि प्रत्येकाची गाडी बांधाला उभी होती! ज्यांच्यासमोर माझी शोभा झाली, तीच माणसं दिवस कलायच्या आत दोनशेच्या दोनशे तुकडे घेऊन गेली, आणि पुढच्या बाजाराला आणखी करून ठेवा म्हणाली. आबांनी तर माझ्यादेखत सगळ्यांना सांगितलं, "मास्तर बारामतीतनं हलता कामा न्हाय बरं का!"

पाडव्याला दादा आले, ते बिऱ्हाड उचलायच्या तयारीनंच. माझ्या कार्डावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. पण ओट्यासमोर सात-आठ गाड्या सुटलेल्या, मी शिवणयंत्रावर आणि आमची मंडळी दुसऱ्या यंत्राचा दांडा दाबत बसलेली. दादांनी एकेक गाडी मोजली. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "राहा बाबा इथंच. बरं वाटलं."

माझे डोळे भरून आले. तेवढ्यावर गप्प बसायला काय झालं होतं मला? पण नाही! छाती फुगली.

"दादा, हे सगळं डोक्यानं केलं हं मी. लोकांना काय हवंय ते आधीच ओळखलं. डोकं लागतं त्याला!"

आमच्या मंडळींनी थोरल्या दिरासमोर आजवर तोंड उघडलं नव्हतं. तिनं डोईवरचा पदर नीट केला, दांडा खटॅक करून दाबला आणि खाली बघतच म्हणाली,

"भावजी, ह्यांच्या डोक्याला पयल्यापासनंच भोक हाय. त्ये आनखी फाटू नये म्हनून तर मी हितं कडी घिऊन बसलीया."