बुटांच्या प्लॅनचा फितूर

माझी फजिती मीच सांगतो बुवा, नाहीतर आमची ही तिखटमीठ लावून सांगेल!

मी रेल्वेतला रिटायर टीसी. जन्म दुर्ग लाईनवर गेला. समोरचा नुसता हसला तरी मला वाटतं, याच्याकडे तिकीट नाही! अशा माणसाला लेकीनं, ती शिकवते त्या कुरुदजवळच्या कॉलेजात मेंटॉर करून टाकलं. फुकट. पोरांना धंद्याचा प्लॅन करायला मदत करायची. स्पर्धेत पहिल्या नंबराला कॉलेजात वर्षभर दुकानाला जागा!

माझ्या टीमची म्होरकी पल्लवी. प्लॅन झकास. इथल्या स्टील प्लांटातल्या कामगारांच्या जुन्या सेफ्टी बुटांना नवे तळ लावून द्यायचे.

"कोणाले सांगू नका!" मी दम दिला. "बूट म्हणायचंच नाई. दुधी म्हणा."

"मंग गेटवर लोकांले काय विचारू सर? तुमचा दुधी कितीदा फाटते?"

"विचार!"

आठवड्याभरात कळलं, दुसऱ्या एका टीमचाही बुटांचाच प्लॅन! डोकंच फिरलं माझं. फितूर कोण? पावर हाउस भागातल्या झेरॉक्सवाल्याकडे प्लॅनच्या कॉप्या काढल्या होत्या, त्याच्यावर पेपरआडून दोन तास पाळत ठेवली. मग थेट पल्लवीलाच विचारलं, "तू तर नाई ना सांगितलं?" पोरगी नुसती हसली! आता संशय येणार की नाही, तुम्हीच सांगा.

फायनलच्या दिवशी प्लॅन मांडायला ती दुसरी टीम आधी उभी राहिली. 'बूट' ऐकलं आणि मी परीक्षकांसमोर ताडकन उठलो. "चोरी है ये! किसने बताया तुमको?"

त्यांचा पोरगा गोंधळला. "सर, आपने ही तो बताया था! ऑटो में, कोहका तक. फिर बोले, किसी को बताना मत."

हॉल खो खो हसला. आयुष्यात एकदाच कोणाचा चेहरा मला प्रामाणिक वाटला होता हो! हसू सोडा, रडूच यायला लागलं. माझ्या पोरांची सगळी मेहनत माझ्याच तोंडानं गेली होती.

तेवढ्यात पल्लवी उठली. कामगारांचे तेलकट कपडे धुऊन, तुटलेली बटणं लावून शिफ्टच्या आधी परत, हा तिचा प्लॅन! बुटाचं नाव नाही. मी आ वासून बघतोय.

"मेंटॉर को पता नहीं था?" परीक्षकांनी विचारलं.

पल्लवी माझ्याकडे वळली. "सर, राग नोका मानू. माह्या बाबालेही बुटाचं ऑटोतच कळलं होतं, तुमच्याच तोंडून. तवाच आमी प्लॅन बदलला." आणि तिनं शेवटचं पान पडद्यावर लावलं. जागा पल्लवीलाच मिळाली, आणि परीक्षकांना सगळ्यात जास्त आवडलं ते हेच पान.

'धंद्यातला धोका क्रमांक एक: मेंटॉर सर. उपाय: सरांना बुटांचंच सांगत राहणे.'