सिस्टर, वर बघितलंत तर सांगतो

नर्सिंगमध्ये तीस वर्षं काढली की किस्से जमवावे लागत नाहीत. युनिफॉर्मच्या खिशात पेनं, चिकटपट्टी, कुणाची तरी चिठ्ठी साठत जाते, तसे ते साठतात. सकाळी फिरायला येणाऱ्या मैत्रिणी म्हणतात, "सांग ना एखादा हॉस्पिटलमधला." मी सांगते, त्या हसतात. मी मात्र बहुतेक किश्श्यांत चुकीच्या बाजूला उभी असते.

*

आमचं हॉस्पिटल आधी सिंहगड रोडवरचं वीस खाटांचं साधं नर्सिंग होम होतं. पुण्यात आयटी आलं तसे त्याचे मजले चढले, काचा लागल्या आणि वॉर्डात कॉम्प्युटर आले. मी तेव्हा वॉर्ड इन्चार्ज. पहिल्याच आठवड्यात एका निवृत्त मास्तरांच्या खाटेशी उभी राहून स्क्रीनवर माहिती भरत होते.

"काका, शून्य ते दहामध्ये दुखणं किती?"

मी पुन्हा विचारलं.

"सिस्टर, वर बघितलंत तर सांगतो."

वर बघितलं. सलाइन लावलेला हात कोपरापर्यंत सुजला होता. मास्तरांनी कुठेही तक्रार केली नाही. तेच जास्त लागलं.

*

पुढे मी सगळ्या नर्सेसची प्रमुख झाले. तेव्हा मॅनेजमेंटने नियम काढला : पेशंटने बेल दाबली की दोन मिनिटांच्या आत ती बंद झाली पाहिजे. वेळ कॉम्प्युटरच मोजायचा. मुली कमी, बेल्स जास्त. मग मीच मुलींना युक्ती शिकवली. आत जायचं, बेल बंद करायची, "आलेच हं" म्हणायचं आणि पुढच्या खोलीत पळायचं. रिपोर्ट इतका सुंदर आला की वरून कौतुकाची ईमेल आली आणि मी ती नोटीस बोर्डावर लावली.

त्याच दिवशी राउंडला गेले, तर धायरीच्या एक आजी ड्यूटीवरच्या मुलीला सांगत होत्या, "घंटी बंद कराया पळत येतीस गं. पाणी द्याया चालत आलीस तरी चालंल."

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी आजींना पाणी दिलं आणि निघाले. ईमेल मात्र नोटीस बोर्डावर तशीच राहू दिली.

*

फीडबॅक फॉर्मचाही माझा हट्ट होता. फॉर्म भरल्याशिवाय फाइल बंद करायची नाही.

वारज्याच्या एका इंजिनियर मुलाची आई आमच्याकडे वारली. माझ्या मुलींनी नियमाप्रमाणे त्याच्याही हातात फॉर्म दिला. तो बिचारा कॉरिडॉरमधल्या खुर्चीत बसला, पेन मागून घेतलं. सगळे रकाने कोरे सोडले. 'हे हॉस्पिटल आपण इतरांना सुचवाल का?' एवढ्यापुढेच त्याने लिहिलं होतं, 'आईला विचारायला हवं होतं.'

कॉम्प्युटरला वाक्य चालत नव्हतं. 'हो' किंवा 'नाही', एवढंच.

मी 'हो' दाबलं.

*

शबाना ही माझ्या हाताखाली तयार झालेली सगळ्यात चलाख मुलगी. परदेशातल्या एका हॉस्पिटलसाठी तिची मुलाखत होती. आमच्याकडे तिच्या वाट्याला एका शिफ्टमध्ये चौदा पेशंट असायचे. मी तिला बजावलं, "किती पेशंट सांभाळतेस विचारलं तर सहा सांग. उगाच आपली शोभा नको."

ती मुलाखत देऊन परत आली. मी विचारलं, "सहा सांगितलंस ना?"

"सांगितलं, मॅडम."

"मग?"

"मुलाखत घेणाऱ्या बाई हळहळल्या. म्हणाल्या, एकटीने सहा? मग पेशंटचे फार हाल होत असतील."

शबाना परदेशी गेली. तिचे चौदा पेशंट मी उरलेल्या दोघींत वाटून दिले.

*

सुनंदा गायकवाड माझ्याहून वर्षभराने सीनियर. पेशंटला कुशीवर वळवावं तर तिनेच. पण कॉम्प्युटर तिला जमेना. एका बोटाने टाइप करायची, नोंदी मागे राहायच्या. वार्षिक मूल्यमापनात मी तिच्या नावापुढे 'समाधानकारक नाही' लिहिलं आणि तिला तळमजल्यावर, चादरी-गाउनच्या खोलीत पाठवलं. ती एवढंच म्हणाली, "बरं मॅडम."

दोन वर्षांनी माझी आई पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं, आमच्याच हॉस्पिटलमध्ये. तिसऱ्या दिवसापर्यंत तिला कुणी हात लावलेला चालेना. एकेक करून माझ्या सगळ्या ट्रेन्ड मुली येऊन गेल्या. आई ओरडायची, एकाच कुशीवर पडून पाठ लाल व्हायला लागली होती. शेवटी मी स्वतः तळमजल्यावर गेले. सुनंदा गाउनच्या घड्या घालत होती.

"सुनंदाताई, येता का जरा? आईसाठी."

तिने हातातली घडी पूर्ण केली आणि माझ्याबरोबर वर आली.

तिने आधी आईच्या कपाळावर हात ठेवला, मग नुसतीच गप्पा मारत बसली. आईचं माहेर कुठलं, भावंडं किती. बोलता बोलता आईला कुशीवर केव्हा वळवलं ते माझ्याही लक्षात आलं नाही. पाठ पुसून झाली, पावडर लागली. आई चक्क हसली. म्हणाली, "इतके दिवस कुठे होतीस गं? कुठल्या वॉर्डात असतेस?"

"खाली असते आजी. चादरींच्या खोलीत."

"तिथे? तुझ्यासारखीला? कुणी बसवलं गं तुला तिथे?"

मी पायथ्याशी उभी होते, टॉवेल घेऊन.

सुनंदाने तो माझ्या हातातून घेतला, पाण्यात बुडवून पिळला आणि आईच्या पायावर ठेवला.

"पाणी कोमट आहे ना, आजी?"